जुन्या दाहामुळे बुजलेली कानाची नळी: शस्त्रक्रियेचा निर्णय, तिचे टप्पे आणि नंतरची निगा

कानाच्या बाहेरच्या नळीला वारंवार सूज येत राहिली आणि कान महिनोन्महिने वाहत राहिला, तर आतली त्वचा जाड होत जाते, तिच्याखाली व्रणाची चिवट ऊती साचते आणि शेवटी नळी अरुंद होते किंवा पडद्याच्या बाजूने पूर्ण बुजून जाते. अशा कानाला कायमचा दडा बसल्यासारखे वाटते, ऐकू कमी येते आणि ज्यांना श्रवणयंत्राची गरज आहे त्यांना ते कानात बसवताही येत नाही. शस्त्रक्रियेने ही नळी पुन्हा मोकळी करता येते. मात्र मोकळी करणे हा या उपचारातला सोपा भाग आहे. ती मोकळी राखणे अवघड असते, आणि त्याचे यशापयश बरेचसे शस्त्रक्रियेआधीच्या काही महिन्यांत आणि नंतरच्या वर्षभरात ठरते. म्हणून या लेखात प्रत्यक्ष शस्त्रक्रियेइतकीच जागा तिच्या आधीच्या आणि नंतरच्या गोष्टींना दिली आहे. रुग्ण, त्यांचे नातेवाईक आणि असे रुग्ण ज्यांच्याकडे प्रथम येतात ते डॉक्टर, अशा तिघांनाही डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

नळी बुजते कशी

कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी प्रौढ माणसात साधारण २.५ सेंटिमीटर लांब असते. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा आणि आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा असतो. कूर्चेवरची त्वचा जाड असते, तिच्यात केस असतात आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथीही असतात. हाडावरची त्वचा मात्र अतिशय पातळ असते. तिची जाडी मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाहून फारशी नसते, आणि खाली चरबीचा थर नसल्यामुळे ती हाडाच्या आवरणाला थेट चिकटलेली असते. त्यामुळे सूज पसरायला जागाच मिळत नाही, थोड्याशा सुजेनेही कान कमालीचा ठणकतो, आणि खाज सुटली म्हणून काडी किंवा पीन फिरवली की हाडापर्यंतची इजा सहज होते.

या त्वचेला स्वतःची सफाई स्वतः करता येते. पडद्याच्या मध्यावर तयार झालेल्या पेशी पडद्यावरून आणि मग नळीच्या भिंतीवरून बाहेरच्या दिशेने, दिवसाला साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे नख वाढते त्याच संथ गतीने सरकत राहतात. दाह जुना झाला की ही हालचाल थांबते, मृत पेशी आत साचतात, ओल टिकते आणि जंतू व बुरशी यांना तिथे ठाण मांडता येते. पडद्यावरची आणि त्याच्या शेजारची त्वचा चिघळून निघून जाते व तिच्या जागी लालसर, सहज रक्त येणारे मांसांकुर वाढतात. या मांसांकुरांचे पुढे तंतुमय ऊतीत रूपांतर होते, ती आकसते, घट्ट होते आणि पडद्यासमोर एक जाड बूच तयार होते. त्या बुचावर कालांतराने त्वचाही चढते. मग दुर्बिणीतून पाहणाऱ्याला गुळगुळीत, फिकट, निरोगी वाटणारा एक तळ दिसतो. पण नळी नेहमीपेक्षा उथळ असते आणि पडद्यावरच्या हाडकाची ओळखीची खूण कुठेच सापडत नाही. हा खोटा तळ असतो, खरा पडदा त्याच्यामागे गाडलेला असतो.

यावरून या आजाराच्या दोन अवस्था मानल्या जातात. कान वाहत असतो, मांसांकुर ताजे असतात, ती ओली अवस्था. स्राव थांबून बूच पक्के होते, ती कोरडी अवस्था. एकीतून दुसरीत जायला काही महिने किंवा काही वर्षेही लागतात. शस्त्रक्रिया केव्हा करावी, या प्रश्नाचे उत्तर प्रामुख्याने या दोन अवस्थांवर अवलंबून आहे.

दाह सुरू होण्याची कारणे निरनिराळी असतात. वारंवार होणारा बाह्यकर्णदाह हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. पडद्याला भोक असून मधल्या कानातला पू वर्षानुवर्षे नळीतून वाहत राहणे, सोरायसिस, इसब किंवा लायकेन प्लॅनससारखे त्वचाविकार, कानात घालायच्या थेंबांतल्या निओमायसिनसारख्या औषधाची ॲलर्जी, हवा खेळू न देणारा श्रवणयंत्राचा घट्ट साचा, कानावरची आधीची शस्त्रक्रिया आणि डोक्या-मानेवर दिलेले किरणोपचार हीही कारणे आढळतात. बऱ्याच रुग्णांत दोन्ही कान या आजाराने धरलेले असतात, त्यामुळे तक्रार एका कानाची असली तरी दुसरा तपासल्याशिवाय रुग्णाला सोडू नये.

पहिली पायरी: अरुंदपणा नक्की कशाचा आहे

नळी अरुंद दिसली म्हणजे ती दाहामुळेच अरुंद झाली, असे गृहीत धरता येत नाही. थंड पाण्यात वर्षानुवर्षे पोहणाऱ्यांच्या नळीत हाडाचे उंचवटे वाढतात. ते टोचणीने दाबून पाहिले तर टणक लागतात. मृत त्वचेचे थर साचून नळी बंद होण्याचा आजार वेगळा, आणि नळीच्या हाडाला पोखरत जाणारा कोलेस्टिॲटोमा, म्हणजे मृत त्वचेची वाढत जाणारी गाठ, आणखी वेगळा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नळीचा कर्करोग सुरुवातीला न बऱ्या होणाऱ्या बाह्यकर्णदाहासारखाच दिसतो. औषधांना न जुमानणारे मांसांकुर, रक्तमिश्रित स्राव, रात्री झोपू न देणारी वेदना किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, यांपैकी काहीही असेल तर तुकडा काढून तपासणीला पाठवलाच पाहिजे. मधुमेही आणि वयस्क रुग्णांत अशाच लक्षणांमागे कवटीच्या तळाच्या हाडापर्यंत पोहोचलेला जंतुसंसर्ग असू शकतो, आणि तो तातडीने उपचार करण्याचा आजार आहे.

तपासणीची सुरुवात सूक्ष्मदर्शकाखाली कान सक्शनने स्वच्छ करून होते. स्राव असेल तर त्याचा नमुना जंतू आणि बुरशी या दोन्हींसाठी पाठवावा, कारण स्यूडोमोनास आणि स्टॅफिलोकोकस हे नेहमीचे जंतू असले तरी महिनोन्महिने प्रतिजैविक थेंब घातलेल्या कानात बुरशी वाढलेली असण्याची शक्यता मोठी असते. ट्यूनिंग फोर्क कपाळाच्या मध्यावर ठेवला असता आवाज बुजलेल्या कानात जास्त ऐकू आला, तर आतली नस सहसा शाबूत आहे आणि अडथळा आवाज आत पोहोचण्यात आहे, असा अंदाज येतो. ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखावर, तो अंदाज आकड्यांत दिसतो. बुजलेल्या नळीमुळे ऐकण्यात सामान्यतः २० ते ४० डेसिबलची घट आढळते. घट याहून बरीच मोठी असेल, तर मधल्या कानातल्या हाडकांत किंवा नसेत आणखी काही दोष आहे का, हे शोधावे लागते.

त्यानंतर कानाच्या हाडाचा बारीक छेदांचा सिटी स्कॅन करावा. त्यात बुचाची जाडी दिसते, मधला कान हवेने भरलेला आहे की नाही ते कळते, हाड झिजलेले आहे का हे पाहता येते, आणि चेहऱ्याच्या नसेचा मार्ग व समोरच्या जबड्याच्या सांध्यापासूनचे अंतरही समजते. साध्या दाहजन्य बुचात हाड शाबूत असते. हाड खाल्लेले दिसले तर सगळा विचार पहिल्यापासून करावा लागतो. बुचामागे कोलेस्टिॲटोमा अडकल्याची शंका असेल, तर एमआरआयच्या एका विशिष्ट पद्धतीने ती बरीचशी दूर करता येते.

दुसरी पायरी: कान कोरडा करणे

ओल्या अवस्थेत केलेली शस्त्रक्रिया टिकत नाही. दाह धगधगत असताना बूच काढले तर तीच ऊती पुन्हा वाढते, आणि बसवलेल्या त्वचेलाही तिथे मूळ धरता येत नाही. म्हणून स्राव थांबेपर्यंत औषधोपचारच करावेत, मग त्याला कितीही वेळ लागो. क्वचित या टप्प्यावरच आजार आटोक्यात येतो आणि शस्त्रक्रियेची गरज पडत नाही.

या उपचारात सर्वांत जास्त काम नियमित सफाईने होते. दर एक-दोन आठवड्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली सक्शन करून घाण काढल्याशिवाय थेंब त्वचेपर्यंत पोहोचतच नाहीत, आणि तरीही नुसती बाटलीमागून बाटली लिहून दिली जाते. सुजेमुळे नळी अगदी बारीक झाली असेल तर फुगणारी वात आत बसवून तिच्यावर थेंब सोडतात. वात फुगते, नळी थोडी ताणली जाते आणि औषध खोलवर जाते. प्रतिजैविक आणि स्टेरॉइड यांचे एकत्रित थेंब बहुधा वापरले जातात. पडद्याला भोक असण्याची शक्यता असेल तेव्हा जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले थेंब टाळून सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या क्विनोलोन गटातले थेंब निवडावेत, कारण पहिल्या प्रकारची औषधे आतल्या कानाला इजा करू शकतात. मांसांकुरांना सिल्व्हर नायट्रेटने डाग देतात. घट्ट होऊ लागलेल्या व्रणाच्या कड्यात ट्रायॲमसिनोलोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्याचाही काही रुग्णांत उपयोग होतो.

रुग्णाच्या हातात असलेल्या गोष्टी साध्या आहेत, पण त्या पाळल्या जात नाहीत. आंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवावा, पोहणे बंद करावे आणि कान कोरणे पूर्णपणे सोडावे. कापसाची बड ही सफाईची वस्तू वाटते, पण ती मळ आत ढकलते आणि त्वचा खरवडते. खाजेची तक्रार असेल तर खाजेवर औषध घ्यावे. बोट कानात गेले की महिनाभराचा उपचार वाया जातो. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणावी. त्वचाविकार असेल तर त्वचारोगतज्ज्ञाचा उपचार याच काळात सुरू व्हावा, कारण सोरायसिस किंवा लायकेन प्लॅनस भडकलेला असताना नळीत बसवलेल्या त्वचेवरही त्याचा परिणाम होण्याचा धोका असतो.

तिसरी पायरी: शस्त्रक्रिया करायची का

कान कोरडा झाला आणि बूच पक्के झाले, की हा प्रश्न विचारायची वेळ येते. ऐकण्यातली घट रोजच्या व्यवहारात अडथळा आणत असेल, आत साचलेल्या मृत त्वचेमुळे कान पुन्हा पुन्हा चिघळत असेल, बुचामागे कोलेस्टिॲटोमाची शंका असेल किंवा श्रवणयंत्र बसवण्यासाठी नळी हवी असेल, तर शस्त्रक्रियेला सबळ कारण आहे. घट सौम्य असेल, दुसरा कान चांगला असेल आणि त्रास नसेल, तर काहीही न करता वर्षाकाठी तपासणी करत राहणे हाही योग्य निर्णय आहे. ऐकू येणारा तो एकच कान असेल, तर मात्र थोड्याशा जोखमीचाही दहादा विचार करावा.

शस्त्रक्रियेला पर्यायही आहे. हाडातून आवाज पोहोचवणारी श्रवणयंत्रे नळीला वळसा घालून थेट आतल्या कानापर्यंत ध्वनी नेतात, त्यामुळे नळी पूर्ण बंद असली तरी ती काम करतात. डोक्याला पट्ट्याने लावायचे यंत्र काही दिवस वापरून पाहता येते, आणि पसंत पडले तर कानामागच्या हाडात टायटॅनियमचा खिळा बसवून त्यावर कायमचे यंत्र लावता येते. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे १९७७ मध्ये असे पहिले रोपण झाले आणि तेव्हापासून ही पद्धत रुळली आहे. दोनदा शस्त्रक्रिया होऊनही नळी पुन्हा बुजलेल्या रुग्णाला तिसऱ्यांदा टेबलावर घेण्याआधी हा पर्याय समोर ठेवलाच पाहिजे. माझ्या मते तो पहिल्याच भेटीत समोर ठेवावा, म्हणजे रुग्णाला निवड करता येते.

आपल्या शल्यचिकित्सकाला काही प्रश्न मोकळेपणाने विचारावेत. अशा शस्त्रक्रियेनंतर तुमच्या रुग्णांपैकी किती जणांची नळी पुन्हा अरुंद होते? उघड्या पडलेल्या हाडावर त्वचा कुठली आणि कशी बसवणार? पहिल्या सहा महिन्यांत मला किती वेळा यावे लागेल? दुसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर मिळाले नाही, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

चौथी पायरी: तयारी

रक्त पातळ करणारी औषधे, ॲलर्जी, रक्तदाब आणि मधुमेह यांची माहिती भूलतज्ज्ञाला आधीच द्यावी. औषधे मनाने बंद करू नयेत. धूम्रपान सोडावे, कारण बसवलेल्या त्वचेला जगायला लागणारा रक्तपुरवठा त्याने कमी होतो. शस्त्रक्रियेच्या जरा आधीचा ऑडिओग्राम नोंदीत असावा. त्वचा मांडीवरून घेणार की दंडाच्या आतल्या बाजूने, हे ठरवून घ्यावे, कारण नंतरच्या पहिल्या आठवड्यात अनेकांना कानापेक्षा ती जागाच जास्त दुखते, आणि याची कल्पना आधी दिलेली नसेल तर रुग्ण घाबरून जातात.

पाचवी पायरी: शस्त्रक्रियागृहात काय होते

दाहामुळे बुजलेल्या नळीवरच्या शस्त्रक्रियेची तत्त्वे पॅपरेला आणि कुर्कजियन यांनी १९६६ मध्ये मांडली. बूच आणि रोगट त्वचा समूळ काढायची, हाडाची नळी रुंद करायची, बाहेरचे तोंड मोठे करायचे आणि उघडे हाड पातळ त्वचेने झाकायचे, ही ती चौकट आहे. साधने बदलली, तरी चौकट आजही तीच आहे. यातला एखादा भाग गाळून केलेले सोपे उपाय, म्हणजे बुचाला नुसता छेद देऊन नळी ताणणे किंवा लेसरने मधोमध भोक पाडणे, सहसा फसतात, कारण गोल जखम भरताना आकसते आणि कडे पूर्वीपेक्षाही घट्ट बसते.

शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भुलीखाली होते आणि साधारण दोन ते तीन तास चालते. चेहऱ्याच्या नसेवर लक्ष ठेवणारा मॉनिटर लावलेला असेल, तर स्नायू सैल करणारे दीर्घकाळ टिकणारे औषध भूलतज्ज्ञ टाळतात, कारण त्या औषधाने मॉनिटर निरुपयोगी होतो. कानामागे आणि नळीत ॲड्रेनलिनमिश्रित बधिरतेचे इंजेक्शन देतात, त्यामुळे रक्तस्राव कमी होतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसते.

छेद बहुतेक वेळा कानामागे घेतला जातो. तिथून कान पुढे वळवून नळीत मागच्या बाजूने प्रवेश करतात. वाटेत कानशिलाच्या स्नायूवरचे पातळ आवरण काढून बाजूला ठेवतात. पडदा फाटला किंवा आधीच भोक असले तर त्याच्या दुरुस्तीसाठी ते लागते. बुचाच्या बाहेरच्या कडेला गोल छेद घेऊन निरोगी त्वचा जपली जाते आणि तिच्या पुढची सगळी रोगट त्वचा व ऊती हाडापर्यंत खरवडून सुटी केली जाते.

यानंतरचा भाग सर्वांत नाजूक असतो. कानाच्या पडद्याला तीन थर असतात, आणि बूच त्यांतल्या बाहेरच्या थराची जागा घेऊन मधल्या तंतुमय थराला चिकटलेले असते. योग्य पातळी सापडली तर बूच त्या थरावरून एकसंध सोलून निघते आणि खाली मोतिया रंगाचा, अखंड पडदा दिसू लागतो. पातळी चुकली तर पडदा फाटतो, किंवा बुचाचा पातळ पापुद्रा मागे राहतो आणि तिथूनच आजार परत येतो. सोलताना हाडकांच्या साखळीला हिसका बसू नये म्हणून हालचाल हाडकाच्या दांड्याला समांतर ठेवतात. काढलेली सगळी ऊती पॅथॉलॉजी तपासणीला पाठवतात, मग निदानाबद्दल कितीही खात्री असो.

मग हाडाची नळी ड्रिलने रुंद करतात. पाण्याची धार सतत चालू ठेवावी लागते, नाही तर घर्षणाच्या उष्णतेने हाड भाजते. पडद्यावर पातळ सिलिकॉनची चकती ठेवून तो झाकतात. समोरच्या भिंतीचा फुगवटा उतरवताना जबड्याचा सांधा जवळ आला की हाड पातळ होऊन त्याचा रंग गुलाबी-निळसर दिसू लागतो. तो रंग दिसताच थांबायचे असते. वरच्या बाजूला मेंदूचे आवरण आहे, मागे कानामागच्या हाडाच्या पोकळ्या आहेत, आणि मागच्या-खालच्या कोपऱ्यात चेहऱ्याची नस पडद्याच्या कड्यापेक्षाही बाहेरच्या बाजूला असू शकते. सूक्ष्मदर्शक न हलवता पडद्याचे संपूर्ण कडे एका नजरेत दिसले की हाड पुरेसे काढले असे समजतात. आकसण्याचा हिशेब धरून नळी नैसर्गिक रुंदीपेक्षा मोठीच केली जाते. बाहेरचे तोंडही त्याच मापाने वाढवावे लागते, आणि त्यासाठी कानाच्या वाटीतल्या कूर्चेचा चंद्रकोरीसारखा तुकडा काढून त्वचेचे पल्ले आत वळवून शिवतात. आत रुंद आणि तोंडाशी निमुळती अशी नळी पुढे साफ करता येत नाही.

आता राहिले उघडे हाड. ते उघडे सोडले तर त्यावर पुन्हा मांसांकुरच वाढतील. म्हणून मांडीवरून किंवा दंडावरून ०.२ ते ०.३ मिलिमीटर जाडीची त्वचा सोलून घेतात. असे पातळ त्वचारोपण जर्मन शल्यचिकित्सक कार्ल टिअर्श यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांनी ते १८७४ मध्ये मांडले. ही त्वचा जाड असली तर नळीत गर्दी करते, फार पातळ असली तर फाटते आणि गुंडाळली जाते. तिच्या पट्ट्या कापून, कच्ची बाजू हाडाकडे ठेवून, पडद्याच्या उघड्या भागापासून बाहेरच्या निरोगी त्वचेपर्यंत एकेक पट्टी पसरतात. कुठेही घडी राहू द्यायची नसते आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये हाडही दिसू द्यायचे नसते. पडद्याच्या पुढच्या बाजूला तो भिंतीला जिथे मिळतो तिथे एक तीव्र कोन असतो. पट्टी त्या कोनाच्या तळाशी न टेकता वरून ताणली गेली, तर तो कोन भरून गोलसर होतो, पडद्याची थरथर अडते आणि नळी मोकळी दिसूनही ऐकू सुधारत नाही. त्यामुळे एरवी घाई करणारा शल्यचिकित्सकही इथे वेळ देतो.

पट्ट्यांवर पातळ सिलिकॉन शीट घालून आत विरघळणारा जिलेटिन स्पंज आणि त्याबाहेर फुगणारी वात किंवा बिस्मथ-आयोडोफॉर्मची जंतुनाशक फीत भरतात. या दाबाखाली त्वचा हाडाला चिकटून राहते. कानामागे टाके घालून डोक्याभोवती पट्टी बांधतात. काही शल्यचिकित्सक व्रण कमी व्हावा म्हणून मायटोमायसिन सी हे औषध काही मिनिटे लावतात, पण त्वचेने नीट झाकलेल्या हाडाला तो पर्याय नाही.

सहावी पायरी: पहिले दोन महिने

शुद्धीवर आल्याबरोबर डोळे घट्ट मिटणे आणि दात दाखवणे या दोन गोष्टी रुग्णाकडून करवून घेतात. चेहरा किंचित वाकडा दिसला तर तो बधिरतेच्या इंजेक्शनचा तात्पुरता परिणाम असू शकतो आणि काही तासांत जातो. गेला नाही, तर तो लगेच कळवण्याचा विषय आहे. डोक्याची पट्टी एक-दोन दिवसांत निघते आणि टाके ७ ते १० दिवसांत. आतली भरती साधारण दोन ते तीन आठवडे राहते, आणि तेवढे दिवस कानाला दडाच बसलेला असतो. ऐकू येत नाही म्हणून या काळात निराश होण्याचे कारण नाही.

भरतीवर थेंब सांगितल्याप्रमाणे घालावेत. नाक जोरात शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून शिंकावे. जड वजन उचलणे टाळावे. विमानप्रवास आणि केस धुणे यांबाबत आपल्या डॉक्टरांची परवानगी घ्यावी, कारण पडद्याचीही दुरुस्ती झाली असेल तर बंधने वाढतात. मांडीवरची पट्टी १० ते १४ दिवस तशीच ठेवायची असते. ती रोज उचलून पाहिली की नवी त्वचा तिच्यासोबत सोलली जाते.

चेहरा लुळा पडणे, गरगरून उलट्या होणे, मानेच्या ताठरपणासह ताप, पट्टी भिजेल इतका रक्तस्राव, किंवा कमी होत आलेली वेदना पुन्हा वाढून दुर्गंधीयुक्त पू येणे, यांपैकी काहीही झाले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता रुग्णालयात जावे.

भरती काढल्यावर पहिले काही आठवडे दर आठवड्याला सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी व्हायला हवी. रोपणाची त्वचा कुठे धरली आणि कुठे गेली हे तेव्हाच कळते. उघड्या राहिलेल्या जागी मांसांकुर दिसताच डाग देऊन ते तिथेच थांबवता येतात. महिनाभराने तेच पक्क्या कड्यात बदललेले असतात आणि मग चाकूशिवाय इलाज राहत नाही. संपूर्ण नळीवर त्वचा चढायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोपर्यंत कानात पाणी जाता कामा नये. काही रुग्णांत मऊ सिलिकॉनचा साचा काही महिने, बहुधा रात्री, कानात ठेवायला देतात. तो रुतत असेल किंवा त्याखाली ओल धरत असेल, तर सोसत बसू नये आणि साचा बदलून घ्यावा.

पहिले वर्ष आणि त्यापुढे

ऐकण्याची चाचणी तिसऱ्या महिन्याच्या सुमारास होते. सुधारणा बहुतेकांना जाणवते, पण ती किती टिकेल हे त्या दिवशी सांगता येत नाही. पुन्हा अरुंद होण्याची प्रवृत्ती पहिल्या वर्षात सर्वांत जास्त दिसते, तरी काही कानांत ती अनेक वर्षांनीही डोके वर काढते आणि ऐकणे हळूहळू परत उतरते. मांडीची त्वचा नळीत जगते, परंतु मूळ त्वचेसारखी बाहेर सरकत नाही. त्यामुळे तिच्यावरच्या मृत पेशी तिथेच साचतात, आणि दर सहा ते बारा महिन्यांनी डॉक्टरांकडून सफाई करून घेणे अशा कानाला जन्मभर लागते. हे रुग्णाला आधीच सांगितले नसेल, तर दोन वर्षांनी तो कान चिघळलेला घेऊन येतो आणि शस्त्रक्रिया फसली असे समजतो.

धोक्यांची यादीही समजून घ्यावी. कानाच्या पाळीभोवती काही महिने बधिरपणा राहणे नेहमीचे आहे. जिभेच्या एका बाजूची चव बदलणे, पडद्याला भोक पडणे, कानात आवाज येणे आणि रोपण पूर्ण न धरणे याही शक्यता आहेत. ड्रिल हाडकांना लागल्यास आतल्या नसेचे नुकसान होऊन ऐकणे कायमचे कमी होऊ शकते. समोरची भिंत जास्त कोरली गेली, तर जबड्याच्या सांध्याची ऊती नळीत उतरते आणि चावताना दुखते. चेहऱ्याच्या नसेला कायमची इजा अनुभवी हातांत दुर्मीळ आहे.

नळी पुन्हा आकसू लागल्याचे लवकर लक्षात आले, तर कड्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन, वात आणि वारंवार सफाई यांवर बरेचदा भागते. पूर्ण बुजलीच, तर निदान पुन्हा तपासावे, पॅथॉलॉजीचा जुना अहवाल काढून वाचावा आणि त्वचारोग सुटून गेला होता का ते पाहावे. कारण न शोधता केलेली दुसरी शस्त्रक्रिया पहिलीच्याच वाटेने जाते. दुसऱ्या कानावर शस्त्रक्रिया करायची असेल, तर पहिला कान किमान काही महिने कोरडा व स्थिर राहिल्याचे आणि त्याच्या ऑडिओग्राममध्ये घसरण नसल्याचे पाहूनच तारीख ठरवावी.